त्या वाटेने आधी गेलेला माणूस

“पाय काढावा लागेल.” डॉक्टरांच्या तोंडून निघालेले हे तीन शब्द घरातील प्रत्येकाच्या कानी वेगळे पडतात. मुलाच्या मनात खर्चाचा आणि रजेचा हिशेब सुरू होतो, पत्नीच्या डोळ्यांपुढे पुढची सगळी वर्षे उभी राहतात, आणि ज्याचा पाय जाणार असतो तो बहुधा काहीच बोलत नाही. मग शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, जखम भरते आणि रुग्ण घरी येतो. इथपर्यंतची वाट वैद्यकशास्त्राने नीट आखून ठेवली आहे. पुढची वाट पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, ओसरीपासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आणि ‘मी आता कोणाच्या उपयोगाचा उरलो नाही’ इथपासून ‘चला, जरा पाय मोकळे करून येऊ’ इथपर्यंत जाते. तिचा नकाशा रुग्णालयाने दिलेल्या कागदांत सापडत नाही. जो त्या वाटेने आधी चालून गेला आहे, त्याच्याजवळ तो असतो.

वाचकहो, आजच्या सदराचा विषय हा माणूस आहे. पाय किंवा हात गमावलेल्या व्यक्तीच्या घरी आपण शल्यविशारद, परिचारिका, व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट आणि कृत्रिम पाय बनवणारे तंत्रज्ञ या सर्वांना बोलावतो. याच अनुभवातून गेलेल्या समदुःखी सोबत्याला बोलावण्याचे मात्र आपल्याला सुचत नाही. तो का हवा, कसा शोधावा आणि त्याच्याकडून काय घ्यावे, याचा विचार आज करू.

हा प्रश्न कोणाच्या घरचा?

अवयव गमावणे म्हटले की आपल्याला रेल्वेचा रूळ, मळणी यंत्र किंवा रणांगण आठवते. ही कारणे आहेतच. तरुणांच्या बाबतीत ती मोठी आहेत. उतारवयात मात्र पाय जाण्याचे प्रमुख कारण घरातच, आपल्या ताटाशेजारी बसलेले असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. दीर्घकाळ अनियंत्रित राहिलेल्या मधुमेहाने पायांच्या नसा बधिर होतात. चप्पल चावली, खिळा टोचला, गरम पाण्याने पोळले, तरी कळत नाही. त्यातच पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील, तर साधी जखमही भरत नाही. तंबाखू आणि धूम्रपान या दोन्हींत भर घालतात. जखम चिघळते, बोट काळे पडते, आणि कधी बोट, कधी पाऊल, तर कधी गुडघ्याखालून किंवा गुडघ्यावरून पाय काढण्याची वेळ येते.

म्हणजेच आपल्या घरातील अवयवच्छेदाचा रुग्ण बहुधा साठीच्या पुढचा असतो. त्याला मधुमेह असतो, अनेकदा हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकारही असतो, आणि दुसरा पाय त्याच धोक्यात उभा असतो. अशा व्यक्तीने खाटेवर पडून राहण्याची किंमत फार मोठी आहे. पडून राहिल्याने सांधे आखडतात, स्नायू झिजतात, पाठीला व्रण होतात, मन खचते आणि साखरही आवरत नाही. पहिल्या काही महिन्यांत हा माणूस पुन्हा उठतो की खाटेला खिळतो, यावर त्याच्या उरलेल्या आयुष्याची घडी बरीचशी अवलंबून असते. सोबत्याचे महत्त्व या महिन्यांत सर्वाधिक आहे.

शल्यविशारद, कारागीर आणि तिसरा

तुटलेल्या अवयवाच्या जागी नवा अवयव बसवण्याची आस फार जुनी आहे. ऋग्वेदात विश्पला नावाच्या स्त्रीचा उल्लेख येतो. संग्रामात तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला धातूची जंघा दिली, जेणेकरून ती पुन्हा चालू शकेल.

आपल्या काळात हे काम जयपूरमध्ये झाले. १९६८च्या सुमारास तेथील सवाई मानसिंह रुग्णालयाचे अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा या दोघांनी मिळून ‘जयपूर फूट’ घडवला. त्यापूर्वीचे परदेशी धाटणीचे पाऊल बुटातच वापरायचे असे. ते घालून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, चिखलात वा अनवाणी चालता येत नसे. रबर, लाकूड अशा साध्या साहित्याचे हे नवे पाऊल दिसायलाही माणसाच्या पावलासारखे होते. देवळात चप्पल बाहेर काढणाऱ्या, जमिनीवर बसून जेवणाऱ्या, पाण्याने भरलेल्या शेतात उतरणाऱ्या माणसासाठी ते होते. डॉ. सेठींना १९८१ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हे पाय विनामूल्य लाखो लोकांपर्यंत पोहोचवले.

या कथेत शल्यविशारदाला शास्त्र ठाऊक होते आणि कारागिराला साहित्य. तरीही ते पाऊल उपयोगाचे झाले, कारण ते वापरणाऱ्याच्या रोजच्या जगण्याकडे कोणीतरी नीट पाहिले होते. ते जगणे सर्वांत जवळून जाणणारा तिसरा माणूस म्हणजे रोज सकाळी पाय चढवणारा आणि रोज रात्री उतरवून भिंतीशी ठेवणारा. ज्याचे जळते त्याला कळते, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती आपण बहुधा तक्रारीच्या सुरात वापरतो. येथे तिचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे.

जे दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या मनात जे प्रश्न येतात, त्यांतले निम्मे तो डॉक्टरांना विचारतच नाही. काही प्रश्न त्याला क्षुल्लक वाटतात, काही लाजिरवाणे आणि काही वेडेपणाचे.

वेडेपणाच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू. काढून टाकलेला पाय जागेवर असल्याचे भासते. त्याच्या अंगठ्याला खाज सुटते, पोटरीत गोळा येतो, कधी टाचेत सुरी खुपसल्यासारखी वेदना होते. हा अनुभव बहुतेकांना कमीअधिक प्रमाणात येतो. सोळाव्या शतकात आंब्रवाझ पारे या फ्रेंच शल्यविशारदाने त्याची नोंद केली होती आणि एकोणिसाव्या शतकात सायलस वेअर मिचेल या अमेरिकी डॉक्टरने त्याला जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘छायारूप अवयव’ असा होतो. मेंदूत शरीराचा जो नकाशा असतो, त्यातून पाय इतक्या सहज पुसला जात नाही. रुग्णाला हे कोणी सांगितलेले नसते. आपल्याला भ्रम होत आहे असे समजून तो गप्प बसतो, किंवा पाय नीट पुरला नाही म्हणून असे होते, असे कोणी आप्त सांगून जातो आणि भीती आणखी वाढते. अशा वेळी कोणी सहज म्हणावे, “मलाही होतं ते. चार वर्षं झाली, अजून अधूनमधून अंगठा खाजतो,” तर अर्धे ओझे तिथेच उतरते. उरलेल्या अर्ध्यासाठी उपचार आहेत. डॉक्टरांनी दिलेली नसांच्या वेदनेवरील औषधे, उरलेल्या पायाला हलके चोळणे, पट्टी योग्य दाबाने बांधणे, कृत्रिम पाय नियमित वापरणे, यांनी अनेकांना आराम पडतो. भारतीय वंशाचे मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात आरशाचा उपाय पुढे आणला. दोन्ही पायांच्या मध्ये आरसा ठेवून धडधाकट पाय हलवायचा आणि त्याचे प्रतिबिंब पाहायचे. गेलेला पाय मोकळा होत असल्याचे मेंदूला दिसते आणि काहींची वेदना कमी होते. तो तज्ज्ञाकडून शिकून घ्यावा.

दुसरा प्रश्न रात्रीचा. अर्धवट झोपेत लघवीला उठताना पाय नाही, हेच विसरायला होते. माणूस सवयीने उभा राहतो आणि कोसळतो. हे इतके सर्रास घडते की अनुभवी सोबती पहिल्याच भेटीत विचारतो: कुबडी वा वॉकर हाताशी ठेवता ना? रात्रीचा दिवा लावता ना? काही दिवस लघवीचे भांडे उशाशी ठेवले तर काय बिघडते? पलंगाच्या त्या बाजूला खुर्ची लावून ठेवण्याची युक्तीही तोच सांगतो. उठताना हात खुर्चीला लागतो आणि जाग येते.

तिसरा प्रश्न न्हाणीघराचा. तिथे कृत्रिम पाय काढलेला असतो, फरशी ओली असते आणि माणूस एकटा असतो. बसायला रबरी बुडांचा स्टूल, भिंतीत घट्ट बसवलेल्या दोन दांड्या, कमोड किंवा कमोडची खुर्ची आणि आतून कडी न लावण्याची सवय, या चार गोष्टींनी बरेच अपघात टळतात.

आणि मग लहान लहान प्रश्नांची रांग लागते. पाचवारी नेसताना निऱ्या कृत्रिम पायात अडकू नयेत म्हणून काय करावे? देवळात चप्पल काढल्यावर तोल का जातो? (कृत्रिम पाय ठरावीक उंचीच्या टाचेला जुळवलेला असतो, टाचेची उंची बदलली की तोलही बदलतो.) एसटीची पायरी कशी चढावी? चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी, हा नियम फिजिओथेरपिस्टही शिकवतात. परंतु मागे गर्दी लोटत असताना तो कसा पाळावा, हे ती बस पकडणाराच सांगू शकतो.

वीर आणि सोबती

अवयव गमावलेल्यांच्या प्रेरणादायी कथा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. मुंबईच्या भरतनाट्यम् नर्तिका सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ सालच्या अपघातानंतर काढावा लागला. जयपूर फूट लावून त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या. अरुणिमा सिन्हा यांना २०११ साली धावत्या रेल्वेगाडीतून ढकलून देण्यात आले आणि त्यांचा पाय गेला. २०१३ साली त्या एव्हरेस्टच्या शिखरावर उभ्या होत्या. या कथा खऱ्या आहेत आणि थोर आहेत.

परंतु बहात्तर वर्षांच्या, मधुमेह आणि दम्याने थकलेल्या गृहस्थाला त्या ऐकवताना थोडा विचार करावा. त्याला सध्या शिखर नको आहे, ओसरी हवी आहे. शिखराची कथा ऐकून त्याला उभारी येईलच असे नाही. ‘लोक काय काय करतात आणि मला साधे शौचालयापर्यंत जाता येत नाही,’ असे वाटून तो आणखी खचूही शकतो. गुडघ्याखालून पाय गेलेल्या माणसाला कृत्रिम पायाने चालताना पूर्वीपेक्षा बरीच अधिक शक्ती लागते. पाय गुडघ्यावरून गेला असेल तर त्याहूनही पुष्कळ अधिक. थकलेल्या हृदयाला हा भार मोठा असतो. म्हणून मोजपट्टी ज्याची त्याला लावावी.

वीर दूर उभा राहून वाट दाखवतो; सोबती आपल्या चालीने शेजारी चालतो. दोन्हींचा संगमही कधी घडतो. कारगिलच्या युद्धात १९९९ साली गंभीर जखमी झालेले मेजर देवेंद्रपाल सिंग यांचा पाय काढावा लागला. कृत्रिम पायाने ते अर्धमॅरेथॉन धावू लागले आणि मग २०११ साली त्यांनी अवयव गमावलेल्यांना एकत्र आणणारा ‘द चॅलेंजिंग वन्स’ हा गट सुरू केला. ब्रिटनमध्ये तर अवयव गमावलेल्या माजी सैनिकांची राष्ट्रीय संघटना १९३२ सालीच उभी राहिली होती. युद्धातून परतलेल्यांना फार लवकर उमगले होते की पेन्शन आणि लाकडी पाय मिळाल्यावरही काहीतरी उरते, आणि ते एकमेकांकडूनच मिळते.

सोबती निवडताना साम्य जितके अधिक तितके बरे. वय जवळपासचे असावे, अवयव साधारण त्याच पातळीवरून गेलेला असावा, कारण सारखे असावे. स्त्रीला शक्यतो स्त्रीच भेटावी. काही गोष्टी तिच्यापाशीच बोलल्या जातात. आणि ज्याला प्रकृतीमुळे कृत्रिम पाय झेपणार नाही, त्याला चाकांच्या खुर्चीवरून घर आणि दुकान सांभाळणारा सोबती भेटावा. खुर्ची म्हणजे हार नव्हे, हे त्याला पाहिल्यावरच पटते.

एक भेट डोळ्यांपुढे आणू

पंचाहत्तरीचे एक आबा तीन आठवड्यांपूर्वी शस्त्रक्रिया होऊन घरी आले आहेत. जेवण अर्धवट ठेवतात, कोणाशी बोलत नाहीत, भेटायला येणाऱ्यांसमोर चादर पायावर ओढून घेतात. शेजारच्या गल्लीतले एक साठीचे गृहस्थ काठी टेकत येतात, खुर्चीवर बसतात आणि हवापाण्याच्या गप्पा मारता मारता विजार थोडी वर करून कृत्रिम पाय सैल करतात.

“आबा, नसलेला पाय दुखतो का हो?”

बऱ्याच वेळाने उत्तर येते. “दुखतो. पण सांगू कुणाला? पोरं म्हणतील म्हाताऱ्याला भ्रम झाला.”

“माझाही दुखायचा. औषधानं उतार पडला. डॉक्टरांना सांगितलंय का?”

“नाही.”

“सांगा. आणि गुडघ्याखाली ही उशी कशाला घेतलीत?”

“बरं वाटतं.”

“मलाही वाटायचं. गुडघा आखडला, मग पाय बसवताना दोन महिने रडलो. काढून टाका ती.”

उशीबद्दलची हीच सूचना फिजिओथेरपिस्टने दोनदा दिलेली असते. पण तो सांगतो तेव्हा ती सूचना असते. ज्याचा गुडघा आखडला होता तो सांगतो तेव्हा ती हकिगत होते आणि उशी निघते.

अशा भेटीची काही पथ्ये आहेत. सोबत्याने ऐकावे अधिक, बोलावे कमी. ‘माझ्यापुढे तुमचे काहीच नाही’ असे कधी म्हणू नये. औषधाची मात्रा सांगू नये, कोणाचे मलम वा यंत्र विकू नये. ऐकलेले बाहेर बोलू नये. घरच्यांनीही थोड्या वेळाने चहाचे निमित्त करून दोघांना एकटे सोडावे. आणि रुग्ण नको म्हणाला तर आग्रह धरू नये. आज नको म्हणणारा पंधरा दिवसांनी स्वतःच विचारतो, “ते गृहस्थ परत कधी येणार?”

शक्य असेल तर ही पहिली भेट शस्त्रक्रियेच्या आधीच घडवावी. पाय काढण्याच्या निर्णयाने भेदरलेल्या माणसासमोर त्याच वयाचा कोणी चालत येऊन उभा राहिला, तर ‘पुढे काय’ या प्रश्नाला एक चेहरा मिळतो.

सोबती कोठे सापडतो?

मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना विचारावे. फिजिओथेरपिस्ट आणि कृत्रिम अवयव बनवणारे तंत्रज्ञ यांच्याकडे जुने रुग्ण येतच असतात. कोणाची परवानगी घेऊन ते दोघांची गाठ घालून देऊ शकतात. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि पुण्यात वानवडीचे, १९४४ साली सैनिकांसाठी सुरू झालेले आणि आता नागरिकांनाही सेवा देणारे कृत्रिम अवयव केंद्र, अशा ठिकाणी प्रतीक्षेच्या बाकावरच अनेक मैत्र्या जुळतात. कृत्रिम पायांच्या शिबिरांतही हेच घडते. तिथे पाय मिळवण्याच्या घाईत शेजारी बसलेल्याशी बोलायचे राहू देऊ नये. शिबिरात पाय एका दिवसात मिळतो, परंतु चालण्याचा सराव आणि पुढच्या दुरुस्त्या महिनोन्महिने चालतात. त्यांच्याविना पुष्कळ पाय माळ्यावर जाऊन पडतात. तो माळ्यावर जाऊ न देण्याचे काम सोबती करतो.

आणि कोणीच सापडले नाही, तर आपणच सुरुवात करावी. दोन माणसे पुरतात. ज्येष्ठ नागरिक संघाची खोली, देवळाचा सभामंडप, दवाखान्यातील रिकामी दुपार. महिन्यातून एक दिवस ठरवावा. पायऱ्या नसलेली जागा, हातांची खुर्ची आणि जवळ स्वच्छतागृह एवढे असले की झाले. ज्याला बाहेर पडता येत नाही, त्याला त्या दिवशी फोन करावा. अशा बैठकीत देणाऱ्याचेही भले होते. आपल्यावर कोसळलेले संकट दुसऱ्याच्या उपयोगी पडते आहे, हे कळले की ‘मी ओझे झालो’ ही भावना विरू लागते.

उरलेला पाय, दुसरा पाय

सोबत्याच्या अनुभवाला रोजच्या निगेची जोड हवी. खालील गोष्टी घरातील सर्वांनी समजून घ्याव्यात.

उरलेला पाय, ज्याला डॉक्टर ‘स्टंप’ म्हणतात, रोज सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा. धुणे रात्री करावे. ओलसर त्वचेवर सकाळी कृत्रिम पाय चढवल्यास ती घासून सोलवटते. मागची बाजू दिसत नाही, म्हणून हातात आरसा धरून पाहावी. आत घालायचे मोजे रोज धुतलेले असावेत. पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, टोकाकडे अधिक आणि वर कमी दाबाने बांधावी. नुसते गोल वेढे घालून आवळू नये. पट्टी बांधण्याची रीत परिचारिकेकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी. मांडीखाली वा गुडघ्याखाली उशी नको. दिवसातून दोनतीन वेळा पंधरा-वीस मिनिटे पालथे झोपल्याने कंबरेचा सांधा आखडत नाही; हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

पहिले वर्षभर स्टंपचा आकार बदलत राहतो. सूज उतरते, स्नायू बारीक होतात, आणि ज्या खोबणीत तो बसतो ते सॉकेट सैल पडते. मोज्यांची संख्या वाढवून काही दिवस भागते. नंतर सॉकेट बदलावे लागते. ‘पाय चांगला निघाला नाही’ असे समजून तो सोडून देऊ नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसरा पाय. ज्या कारणाने एक पाय गेला, ते कारण दुसऱ्या पायालाही लागू आहे आणि आता सारा भार त्याच्यावर आहे. रोज संध्याकाळी तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. दृष्टी अधू असेल तर हे काम नातवंडाकडे द्यावे. आजोबांच्या पायाचा पहारेकरी होणे त्याला आवडेल. घरातही अनवाणी चालू नये. गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये. कुरूप स्वतः कापू नये. तंबाखू सोडावी आणि साखर नियंत्रणात ठेवावी.

स्टंप किंवा दुसरा पाय लाल, गरम वा काळसर दिसू लागला, फोड आला, पाणी किंवा पू येऊ लागला, ताप आला, वेदना अचानक वाढली, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. अशा वेळी सोबत्याचा सल्ला पुरेसा नाही, आणि जाणता सोबती हेच सांगतो.

घरच्यांचे काय?

सांभाळणाऱ्यांची एक चूक मायेपोटी होते. पाण्याचा पेला, वर्तमानपत्र, जेवणाचे ताट सारे खाटेवर पोहोचवले जाते. महिनाभरात खाट हेच घर होते. जे स्वतः करता येईल ते हळू का होईना, करू द्यावे. भाजी निवडणे, हिशेब लिहिणे, नातवाचा अभ्यास घेणे ही कामे त्यांच्याकडे असू द्यावीत. त्यांच्याबद्दल त्यांच्यादेखत तिसऱ्याशी बोलू नये. ‘लंगडा’, ‘थोटा’ हे शब्द थट्टेतही नकोत.

दुःखाला वेळ द्यावा. पाय गेला म्हणजे आयुष्यभराचा एक सोबती गेला. त्याचा शोक होणारच. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, अन्नावर वासना नाही, कशातच मन नाही, किंवा ‘जगून काय करू’ असे शब्द निघू लागले, तर ते वयाचे वा स्वभावाचे समजू नये. डॉक्टरांशी बोलावे. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

सांभाळणाऱ्या पत्नीला, सुनेला, मुलालाही सोबती हवा असतो. रात्री तीनदा उठणारी, उचलताना स्वतःची कंबर धरलेली, चिडल्यावर मनातल्या मनात स्वतःला दोष देणारी ती व्यक्ती आपले हाल घरात बोलू शकत नाही. सोबती भेटायला येईल तेव्हा त्याच्या घरच्यांनाही बोलवावे. दोन सुना स्वयंपाकघरात अर्धा तास बोलल्या, तरी पुष्कळ काम होते.

कागदपत्रांकडेही लक्ष असावे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याखालील बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. सरकारी रुग्णालयातून ते आणि त्यासोबतचे यूडीआयडी ओळखपत्र करून घ्यावे. प्रवासभाड्यातील सवलती आणि कृत्रिम अवयवांसाठीच्या योजना यांचा मार्ग तेथून जातो. कोणत्या खिडकीवर कोणता कागद आधी द्यावा, हेही त्या वाटेने गेलेल्यालाच अचूक ठाऊक असते.

वाचकहो, आपल्यापैकी काहीजण हा लेख स्वतःसाठी वाचत असतील, काहीजण वडिलांसाठी, काहीजण शेजाऱ्यासाठी. ज्यांना अवयव गमावून काही वर्षे झाली आहेत आणि जे आता कृत्रिम पायाने, कुबडीने वा चाकांच्या खुर्चीने आपले दिवस नीट चालवत आहेत, त्यांना एक विनंती. आपल्याला जे जमले ते आता इतके सवयीचे झाले असेल की त्यात काही विशेष आहे, असे आपल्याला वाटणारही नाही. आपल्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना एवढेच सांगून ठेवा: “कोणाला माझ्याशी बोलायचं असेल तर मी येईन.” आपल्याच गावात कोणीतरी या आठवड्यात पायावर चादर ओढून बसलेले आहे. त्याच्या दारापर्यंत आपण चालत गेलात, तर निम्मे सांगणे तिथेच झाले.